कासचे पठार : पाहावे कसे, राखावे कसे

जूचंद्र गावातील चंडिकादेवीच्या डोंगरावर आषाढात खडकाच्या खाचेतून वर येणारे तृण ज्याने थांबून न्याहाळले असेल, त्याला सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे मर्म समजावयास विलंब लागणार नाही. जांभ्या दगडावरील तेथील मृत्तिका इतकी पातळ व निःसत्त्व की मोठे वृक्ष सहसा मूळ धरीत नाहीत, आणि नेमक्या याच दारिद्र्यामुळे साडेआठशेंहून अधिक सपुष्प वनस्पतींना तेथे ठाव मिळाला आहे. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती तर पानांवरील चिकट केसांनी कीटक धरून नत्राची उणीव भरून काढते. इंग्लंडातील खडूच्या टेकड्यांवरील कुरणांचे वैभवही अशाच कृश मातीवर उभे असून, मेंढ्यांची चराई थांबताच तेथे झुडुपे माजतात; म्हणजे असे वैभव जाणीवपूर्वक राखावे लागते. २०१२ मध्ये पश्चिम घाटासह कासचा जागतिक वारशात समावेश झाला. वनखाते व ग्रामस्थांच्या समित्या तेथील निगराणी करतात आणि हंगामात प्रवेशशुल्क घेऊन पर्यटकांच्या संख्येस मर्यादा घालतात. हा निर्बंध मला सर्वथा न्याय्य वाटतो, कारण सीतेची आसवे ही तेथील फुले जेमतेम बोटभर उंच, आणि छायाचित्रासाठी वाट सोडून टाकलेले एकच पाऊल बीज धरण्यापूर्वी त्यांना चिरडते. जाणाऱ्याने ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ साधावा, आगाऊ नोंदणी करावी आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा.