'बखर म्हणते' म्हणजे कोण म्हणते? : महिकावतीची बखर आणि संकलित मजकुराच्या स्रोताचा प्रश्न

१

पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, केळव्याच्या शेजारी, समुद्रालगत माहीम हे गाव आहे. मुंबईतील माहीमपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्याचा उल्लेख बहुधा 'केळवे-माहीम' असा जोडनावाने होतो. पोर्तुगीज अमलातील किल्ला, १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतलेले ठाणे, पानमळे व वाड्या अशा अनेक कारणांनी या परिसराचा इतिहासात निर्देश येतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हे नाव मुख्यतः एका ग्रंथामुळे परिचित असते. तो ग्रंथ म्हणजे वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' होय. ग्रंथनामातील 'महिकावती' म्हणजे माहीम. मात्र ते केळव्याजवळचे माहीम की मुंबई बेटावरचे, याविषयी दोन्ही गावांच्या बाजूने मांडणी झालेली आहे.

उत्तर कोकणातील ज्ञातींच्या कुलवृत्तांतांत, ग्रामदेवतांच्या माहितीपुस्तिकांत आणि अलीकडे पदव्युत्तर प्रबंधिकांतही या बखरीचे दाखले दिले जातात. त्या दाखल्यांची वाक्यरचना बहुधा एकच असते : "बखर म्हणते की...". प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्यच आहे. बखर एकाच व्यक्तीने, एकाच काळी लिहिली असती, तर त्यात आक्षेपार्ह काही नव्हते. परंतु महिकावतीची बखर हे संकलन आहे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेला मजकूर त्यात एकत्र मांडलेला आहे. अशा ग्रंथाच्या बाबतीत 'बखर म्हणते' हे विधान अपुरे ठरते. ते अपुरे का ठरते आणि त्यातून कोणते अनर्थ संभवतात, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

या बखरीच्या प्रकरणांचे कालदृष्ट्या थर पडतात, हे राजवाड्यांनी आपल्या विस्तृत प्रस्तावनेत दाखवून दिले. त्यांतील सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा असून तो शके १३७० मधील, म्हणजे इ. स. १४४८ चा मानला जातो. मालाडच्या देसायाच्या प्रेरणेने तो लिहिला गेला, अशी त्यामागील हकिकत आहे. दुसरा भाग शके १५०० च्या, म्हणजे इ. स. १५७८ च्या सुमाराचा आहे. या दोन लेखनांत एकशे तीस वर्षांचे अंतर आहे. या अवधीत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील सत्ता गुजरातच्या सुलतानांकडून पोर्तुगीजांकडे गेली होती. पहिल्या लेखकाला पोर्तुगीज ठाऊक असणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या काळी ते प्रत्यक्ष राज्यकर्ते होते. ही दोन माणसे एकाच विषयावर लिहीत असली, तरी त्यांचे जग एक नव्हते.

असे असूनही हा मजकूर एका वेष्टनात आणि एका नावाखाली आपल्यापर्यंत पोचला. संकलनकाराने जुना मजकूर आपल्या भाषेत सारांशरूपाने सांगितला असता, तर केशवाचार्य कायमचा नाहीसा झाला असता. त्याने तो बव्हंशी जसाच्या तसा घेतला आणि मजकुरातील कर्त्याचे नाव, शक व लेखनाचे निमित्त ही अंगे काढून टाकली नाहीत. म्हणूनच राजवाड्यांना थर वेगळे करता आले. संपादकाच्या विद्वत्तेइतकेच श्रेय येथे त्या संकलनकाराच्या सचोटीलाही द्यावयास हवे.

जेथे असे नाव व शक मजकुरातच टिकून राहिलेले नाहीत, तेथे अभ्यासकाला अप्रत्यक्ष पुराव्यावर विसंबावे लागते. गद्याचे पद्य होणे अथवा पद्याचे गद्य होणे, क्रियापदांच्या जुन्या रूपांची जागा नव्या रूपांनी घेणे, फारसी शब्दांचे प्रमाण एकाएकी वाढणे, लेखकाला ठाऊक असलेल्या घटनांची अंतिम मर्यादा बदलणे, आश्रयदात्याचे नाव बदलणे या खुणांवरून एक मजकूर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, याचे अनुमान बांधता येते. परंतु ते अनुमानच असते. नकलकाराने जुनी रूपे नकळत अद्ययावत केली असतील, तर भाषिक खुणाही फसव्या ठरतात.

३

मूळ कोणाचे हे न सांगता दाखला दिल्याने काय बिघडते, हे दोन उदाहरणांवरून लक्षात येईल.

पहिले उदाहरण 'महाराष्ट्रधर्म' या शब्दाचे. हा शब्द उच्चारताच रामदासांचे (१६०८-१६८१) स्मरण होते. महिकावतीच्या बखरीत हा शब्द आढळतो आणि तो केशवाचार्याच्या नावावर सांगितला जातो. त्याचे लेखन शके १३७० चे धरले, तर हा शब्द रामदासांच्या सुमारे दोन शतके आधीचा ठरतो. मग त्याचा अर्थ सतराव्या शतकातील राजकीय जागृतीच्या संदर्भात न लावता पंधराव्या शतकातील कोकणच्या ग्रामसमाजाच्या आचारधर्माच्या संदर्भात लावावा लागतो. उलट, तो उत्तरकालीन लेखकाच्या अथवा नकलकाराच्या हातचा असण्याची शक्यता गृहीत धरली, तर सर्व युक्तिवाद फिरवावा लागतो. मराठी मनाच्या इतिहासातील एवढा महत्त्वाचा निष्कर्ष 'कोणत्या प्रकरणातील वाक्य?' या साध्या प्रश्नावर उभा आहे. "बखर म्हणते" असे म्हणणारा अभ्यासक तो प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होतो.

दुसरे उदाहरण बिंब राजांचे. बखरीच्या परंपरेत चांपानेरहून कोकणात उतरलेल्या प्रतापबिंबाची हकिकत शके १०६०, म्हणजे इ. स. ११३८ या कालनिर्देशाने येते. देवगिरीच्या यादवकुलाशी निगडित बिंबदेवाची हकिकत तेराव्या शतकाच्या अखेरीस पडते. नामसादृश्यामुळे लोकपरंपरेत आणि कित्येक छापील वृत्तांतांतही या दोन व्यक्ती एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणाबरोबर किती कुळे आली, त्यांनी कोठे वस्ती केली, कोणाला कोणती वृत्ती मिळाली हे प्रश्न या परिसरातील कुटुंबांच्या दृष्टीने केवळ पांडित्याचे नाहीत. आपले पूर्वज कोण, याचे उत्तर ती तेथे शोधतात. अशा वेळी एका प्रकरणातील यादी दुसऱ्या प्रकरणातील शकाला जोडली गेली, तर दीड शतकाची चूक एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे श्रद्धेने सोपवली जाते.

४

परक्या मजकुराला आपल्या ग्रंथात स्थान देण्याची ही रीत बखरींपुरती मर्यादित नाही. मुद्रणकाळात तिला नियतकालिक रूप आले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले, त्या काळी वृत्तपत्रांनी परस्परांतील मजकूर घेऊन छापणे हा सर्वत्र रूढ व्यवहार होता. १८७८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने जुन्या बखरी, पत्रे व काव्ये क्रमशः वाचकांपुढे मांडली. त्यामागे विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे विद्वान होते. येथे संपादक आणि कर्ता यांतील भेद स्पष्ट राखलेला आहे. मासिक संपादकांचे, पण त्यातील बखर ज्याची त्याची, ही जाणीव मराठीत रुजविण्यात या उपक्रमाचा वाटा मोठा आहे.

विधीनेही हा भेद मान्य केला आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अन्वये चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरील लेख लेखकाने हक्क राखून ठेवला नसल्यास अन्य नियतकालिकाला पुनर्मुद्रित करता येतो. त्याच अधिनियमाच्या कलम ५७ ने कृतीचे कर्तृत्व आपल्याकडे असल्याचे सांगण्याचा लेखकाचा हक्क स्वतंत्रपणे राखला आहे. मजकूर घेण्याची मुभा मिळाली, म्हणजे कर्त्याचे नाव पुसण्याची मुभा मिळाली असे होत नाही.

५

याच प्रश्नाचे आजचे रूप संगणकीय आहे. एका संकेतस्थळावरील नवा मजकूर दुसऱ्या संकेतस्थळावर आपोआप दिसावा, यासाठी 'फीड' या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था वापरली जाते. १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीत 'आरएसएस' या संकेतप्रणालीचा प्रारंभ झाला. २००५ मध्ये 'अ‍ॅटम' ही दुसरी प्रणाली प्रमाणित झाली. या व्यवस्थेत प्रत्येक नोंदीबरोबर शीर्षक, मूळ ठिकाणाचा दुवा, सारांश अथवा पूर्ण मजकूर आणि दिनांक ही माहिती ठराविक चौकटीत पाठवता येते. घेणाऱ्या संकेतस्थळाने ठराविक अवधीने मूळ ठिकाणी विचारणा करावयाची आणि नवे काही असल्यास आपल्या पानावर दाखवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. 'अ‍ॅटम' प्रणालीत 'सोर्स' या नावाचा एक घटक आहे. एखादी नोंद एका प्रवाहातून उचलून दुसऱ्यात घातली गेली, तर मूळ प्रवाहाची ओळख तिच्यासोबत जावी, एवढ्याचसाठी त्याची योजना आहे. केशवाचार्याचा शक व नाव मजकुराबरोबर राहू देणाऱ्या संकलनकाराने जे केले, तेच येथे नियमरूपाने सांगितले आहे. अर्थात नियम असला तरी तो पाळणे प्रदर्शन करणाऱ्याच्या हाती असते. नाव, दिनांक आणि दुवा ही अंगे पानावर न दाखवता केवळ मजकूर दाखवणेही तितकेच सोपे आहे.

दोन्ही प्रकारांत एक महत्त्वाचा फरकही आहे. बखरीत मजकूर एकदाच उतरवून घेतला गेला. मूळ पोथ्या नष्ट झाल्या, तरी संकलन टिकले. संगणकीय प्रवाहात मात्र दाखविला जाणारा मजकूर पुष्कळदा मूळ ठिकाणी अवलंबून असतो. तेथे दुरुस्ती झाली की येथे बदल होतो, आणि ते संकेतस्थळ बंद पडले की येथील चौकट रिकामी राहते. बखरीच्या अभ्यासकापुढे हातचा मजकूर कोणाचा, हा प्रश्न असतो. येथे त्याच्या जोडीला काल पाहिलेला मजकूर आज तोच आहे काय, हाही प्रश्न उभा राहतो. म्हणून अशा मजकुराचा दाखला देताना कर्ता आणि मूळ स्थळ यांबरोबर तो पाहिल्याचा दिनांक देणे अपरिहार्य ठरते.

६

या विवेचनातून अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी पाळावयाची पथ्ये सहज निघतात. महिकावतीच्या बखरीतून दाखला देताना प्रकरणाचा क्रमांक, त्याचा मानलेला कर्ता व शक यांचा निर्देश करावा. शक मजकुरातच आला आहे की संपादकाने अनुमानिला आहे, हेही सांगावे. राजवाड्यांचे प्रस्तावनेतील मत बखरीचे विधान म्हणून देऊ नये. पंधराव्या व विसाव्या शतकांतील शब्द एकमेकांत मिसळण्याची चूक येथे सर्वांत सुलभ आहे. एका प्रकरणातील नाव दुसऱ्यातील कालाशी जोडण्यापूर्वी तो जोड आपण करीत आहोत, हे वाचकास कळू द्यावे. संगणकीय संकलनातून दाखला देताना जेथे वाचले ते स्थळ आणि जेथे मूळ प्रसिद्ध झाले ते स्थळ, या दोहोंची नोंद करावी.

माहीमच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाचा इतिहास लिहावयास घेतला, तर त्याच्या हाती प्रथम हीच बखर येईल. तिचे एकेक पान वाचताना 'हे कोण बोलत आहे?' असे त्याने विचारले, तर एका बखरीऐवजी काही शतकांतील अनेक माणसे त्याच्याशी बोलू लागतील. ज्या संकलनकाराने जुन्या लेखकाचे नाव खोडले नाही, त्याच्यामुळेच हे ऐकणे शक्य झाले. पुढच्या वाचकाच्या बाबतीत ते काम आता दाखला देणाऱ्याचे आहे.