अंकुराची वाढ (लघुपट)

अंकुराची वाढ हा धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये निर्मिलेला मूक लघुपट होय. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल होईपर्यंतची वाढ त्यात टिपलेली होती. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटासाठी भांडवल मिळविण्यास तो साहाय्यभूत ठरला. कलानिर्मितीतील ध्यास व काटेकोरपणा यांचे तो उत्तम उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिल्यानंतर भारतीय पुराणकथा पडद्यावर आणण्याच्या कल्पनेने फाळके यांना झपाटले. ते नित्य चित्रपट पाहत व घरी प्रयोग करीत. अपुरी झोप आणि अतिश्रम यांमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनंतर ती सुधारली. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी निर्मितीची प्रक्रिया पाहिली आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

चित्रण

मायदेशी परतल्यावर भांडवलदारांचा विश्वास संपादन करणे आवश्यक होते. त्यासाठी फाळके यांनी कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. या पद्धतीत कॅमेरा किंचित हलला किंवा एखादी वेळ चुकली, तरी पडद्यावर वाढीची गती तुटलेली दिसते. झालेली चूक मागाहून सुधारता येत नाही, कारण रोप तोवर पुढे वाढलेले असते. ही पद्धत जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुलांच्या उमलण्याचे असेच चित्रण केले होते. फाळके यांना मात्र मार्गदर्शक नव्हता. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे इत्यादी कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या होत्या.

परिणाम

लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाऊ रक्कम दिली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

महत्त्व व मर्यादा

केवळ उत्कट इच्छेवर कोणी पैसा दिला नसता. तीच इच्छा चिकाटीच्या कामातून डोळ्यांना दिसू लागली, तेव्हा ती विश्वासार्ह ठरली. ध्यासाचे मोल या परिवर्तनात आहे. मात्र त्याची किंमत एकट्या कलावंताने मोजली नाही. घरातील पैसा आणि सरस्वतीबाईंचे श्रमही त्यात खर्ची पडले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळ बाहेर पडले. एकट्याच्या कामास बळ देणारा आग्रह सामूहिक व्यवसायात संघर्षाचेही कारण होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.