व्यापारी दाव्यांचा वकील

समजा, सोलापूरच्या एका विणकराने इंदूरच्या व्यापाऱ्याला पाच लाख रुपयांच्या चादरी पाठवल्या. माल पोहोचला, परंतु पैसे आले नाहीत. व्यापारी म्हणतो, 'माल सदोष होता.' विणकर म्हणतो, 'माल घेताना आपण तक्रार केली नव्हती.' सुताची उधारी, मजुरांचे वेतन आणि कर्जाचे हप्ते या रकमेवरच अवलंबून आहेत. अशा वेळी विणकराला ज्याचा आधार वाटतो, तो व्यापारी दाव्यांचा वकील होय.

वकील म्हटले, की काळा झगा आणि न्यायालयातील प्रभावी भाषण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या व्यवसायाची खरी पूर्वतयारी शांतपणे केलेल्या वाचनात असते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार राज्याच्या वकील परिषदेकडे नाव नोंदवून सनद मिळते. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेणाऱ्यांसाठी अखिल भारतीय वकील परीक्षाही आवश्यक ठरली. व्यापारी दावे चालवणाऱ्याला १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्रीचा कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा यांचा सखोल अभ्यास हवा. शिवाय हिशेबाच्या वह्याही वाचता आल्या पाहिजेत.

मात्र सनद मिळाली म्हणजे वकील घडला, असे नव्हे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारी हीच त्याची दुसरी शाळा. नानी पालखीवाला यांना लहानपणी बोलताना अडखळण्याचा त्रास होता. इंग्रजी साहित्याचे एम. ए. झाल्यावर ते कायद्याकडे वळले आणि १९४४ मध्ये मुंबईत सर जमशेटजी कांगा यांच्याकडे उमेदवारी करू लागले. १९५० मध्ये गुरुशिष्यांचा आयकर कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पालखीवालांच्या पुढील काळातील ओघवत्या युक्तिवादामागे अशी अभ्यासाची बैठक होती.

आता विणकराच्या दाव्याकडे पुन्हा वळू. वकील प्रथम मागणीपत्र, बिले, माल पोहोचल्याची पावती आणि उभयतांचा पत्रव्यवहार तारखांप्रमाणे लावतो. पैसे देय झाल्यापासून साधारणतः तीन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. मुदत टळली, तर खरी बाजूही दुबळी ठरते. २०१५ च्या कायद्याने व्यापारी तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायालयांची तरतूद झाली. आरंभी एक कोटी रुपये असलेली किमान मूल्याची मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवर आली. त्यामुळे लहान उद्योजकांनाही या न्यायालयांचे दार खुले झाले. प्रतिवादीने आपली लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत सादर करावी, असे बंधन येथे आहे.

तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे २०१८ पासून बंधनकारक आहे. वकिलाची कसोटी येथेच लागते. पक्षकाराची बाजू दुबळी असेल, तर तसे त्याला स्पष्ट सांगणे आणि न्यायालयापासून सत्य न लपवणे, ही दोन्ही त्याची कर्तव्ये होत. तडजोडीने पैसे लवकर मिळाले आणि उभयतांचा व्यापारही टिकला, तर विणकराचे माग पुन्हा सुरू होतील. न्यायालयात एकही भाषण न करता मिळवलेले असे यश या व्यवसायात कमी मोलाचे मानले जात नाही.