माहुल ते पाकणी

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पाकणी येतं. रेल्वे स्टेशन आहे, गाव आहे, पण बाहेरच्या माणसाला पाकणी माहीत असतं ते तेलाच्या डेपोंमुळे. महामार्गाच्या कडेला टँकर उभे असतात. ते रिकामे आत जातात आणि भरून बाहेर पडतात. मग एवढं पेट्रोल-डिझेल आत येतं कुठून? या एका प्रश्नाचा माग काढायला संपादकांनी मला पाठवलं, आणि तो माग थेट अरबी समुद्रापर्यंत गेला.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगला तेल सापडलं; तेच बॉम्बे हाय. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली आणि बॉम्बे हायचं कच्चं तेल नळीतून किनाऱ्याला लागलं. तिथून ते मुंबईतल्या माहुल-तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांत जातं. त्यांपैकी एक १९५४ मध्ये एस्सोने सुरू केला होता, तो आज हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आहे. तिथून निघालेली मुंबई-पुणे पाइपलाइन १९८५ ची. या शतकाच्या पहिल्या दशकात ती सोलापूरपर्यंत वाढवली. आज मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनची एकूण लांबी ५०८ किलोमीटर आणि क्षमता वर्षाला ४३ लाख टन आहे.

मला खिळवून ठेवलं ते या आकड्यांनी नव्हे. नळी एकच आहे. पेट्रोल त्याच नळीतून येतं, डिझेलही त्याच नळीतून. मध्ये पडदा नाही, झडप नाही, काही नाही. एका मालाच्या पाठीला दुसरा माल टेकलेला असतो आणि दोन्ही मिळून शेकडो किलोमीटर चालतात. चाल माणसाच्या पायी चालण्याइतकीच. तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्काम करते, आणि त्याच लोणीत या पाइपलाइनचं मोठं केंद्र आहे. वारीत दिंडीमागे दिंडी आपापल्या क्रमाने चालते, दोन दिंड्यांमध्ये भिंत नसते, तरी एकीची माणसं दुसरीत हरवत नाहीत. नळीतला माल तसाच चालतो.

अर्थात शिवेवर थोडी सरमिसळ होतेच. या मिश्र पट्ट्याला कामगार ‘इंटरफेस’ म्हणतात, आणि सगळं कसब त्याच्याशी आहे. वेग चांगला असेल तर प्रवाह घुसळत पुढे जातो आणि पट्टा आखूड राहतो. वेग मंदावला की पट्टा लांबत जातो. सर्वांत वाईट म्हणजे पट्टा चढावर असताना पंप थांबणं. डिझेल जड, पेट्रोल हलकं. उतारावर जड माल खाली घसरतो, हलका वर सरकतो आणि मिश्रण वाढत राहतं. म्हणून लाइन थांबवायचीच असेल तर शीव सपाटीवर येईल असा हिशेब आधी करावा लागतो. पूर्वी पेट्रोल आणि डिझेलच्या मध्ये रॉकेल सोडण्याची पद्धत होती, कारण थोडं रॉकेल दोघांनाही चालतं. रेशनचं रॉकेल आटत गेलं तसा हा मधला दुवाही पातळ होत गेला.

शीव जवळ आल्याचं कळतं घनतेवरून. नियंत्रण कक्षातला ऑपरेटर पडद्यावरची घनतेची रेघ बघत बसलेला असतो. डिझेलची घनता ०.८२ च्या आसपास, पेट्रोलची ०.७२ ते ०.७७ च्या दरम्यान. रेघ हलू लागली की झडपा फिरवायच्या: शुद्ध माल आपल्या टाकीत, मधला मिश्र माल वेगळ्या टाकीत. तो मिश्र माल पुढे प्रयोगशाळेच्या मर्यादेत राहून थोडा थोडा चांगल्या साठ्यात जिरवतात. झडप लवकर फिरवली तर चांगला माल वाया, उशिरा फिरवली तर टाकीच बिघडली. शांतपणे बसून करायच्या या कामात चुकीला फार थोडी जागा आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्यात सह्याद्री. समुद्रसपाटीवरून निघालेला माल सहाशे मीटरच्या आसपास वर चढवायचा. एवढ्या उंचीच्या डिझेलच्या स्तंभाचा दाबच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पन्नास किलो भरतो. घर्षणावर मात करायची ताकद त्याच्यावर वेगळी.

पाकणीच्या डेपोत रिकामा नव्हे तर भरून आत येतो तो इथेनॉलचा टँकर, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि लांबच्या नळीत थोडंफार पाणी असतंच. म्हणून ते डेपोत मिसळतात. उसाच्या या जिल्ह्यात समुद्राखालचं तेल आणि मळीतलं इथेनॉल अशी एकत्र येतात.

आता काळजीचं. नळी जमिनीखाली जेमतेम मीटर-सव्वा मीटर खोल असते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि नळीवरच्या लेपाला ओरबाडते. लेप फाटला की गंज. तो रोखायला नळीला सतत सौम्य विद्युतप्रवाह दिलेला असतो, आणि आतली भिंत तपासायला ‘पिग’ नावाचं यंत्र मालाबरोबर सोडतात. पण जमिनीवर काय चाललंय ते यंत्राला दिसत नाही. तिथे लाइनवॉकर लागतो. हा बहुधा आसपासच्या गावचाच माणूस, ठेकेदाराकडे कामाला. हातात जीपीएसचं यंत्र, ठरलेला पट्टा, रोजची पायपीट. नवी उकरलेली माती, चाकांच्या खुणा, पिकाचा अचानक पिवळा पडलेला तुकडा, पेट्रोलचा वास हे सगळं त्याने टिपायचं. चोर नळीला भोक पाडून झडप बसवतात, तेव्हा पहिली खूण मातीवरच उमटते. २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी ही पाइपलाइन फोडली, पेट्रोल शेतात आणि विहिरींत उतरलं, पिकं गेली. नळीतली चोरी म्हणजे कंपनीचं नुकसान असं समजणाऱ्यांनी त्या विहिरी आठवाव्यात. पाइपलाइन कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाल्या, तरी नासलेली विहीर शिक्षेने गोडी होत नाही.

आणि शेतकरी? १९६२ च्या या पाइपलाइन कायद्याने सरकार जमीन घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेतं. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा शेततळं घेता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, एकदाच, आणि पिकाचं नुकसान झालं असेल तर त्याची वेगळी भरपाई. ज्वारी पेरणाऱ्याचं यावर भागत असेलही, पण सोलापूर आता डाळिंबाचा जिल्हा आहे. बागेच्या मधोमध कायमचा रिकामा पट्टा म्हणजे दर बहराला सोसायचं नुकसान. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल व्हॅन सायकलने तेलाची नळी टाकली, तेव्हा पिंपांच्या गाड्या हाकणाऱ्यांनी ती उखडली, कारण त्यांची रोजी बुडत होती. आपला शेतकरी नळी उखडत नाही, उलट नांगर जपून चालवतो. त्याच्या या जपण्याला दहा टक्के ही किंमत मला न्याय्य वाटत नाही. गुजरातमधल्या कोयलीहून अहिल्यानगरमार्गे (पूर्वीचं अहमदनगर) सोलापूरकडे इंडियन ऑइलने दुसरी लांब पाइपलाइन हाती घेतली. नळ्या वाढणार असतील तर फळबागांसाठी वार्षिक भाडं, आणि लाइनवॉकरला ठेकेदार बदलला तरी टिकणारी नोकरी, या दोन गोष्टी कंपन्यांनी आणि सरकारने आता मान्य कराव्यात.

तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या शेताच्या बांधावर पाइपलाइनचा खांब असेल तर बोअर घेण्याआधी, पोकलेन लावण्याआधी त्यावरच्या नंबरावर फोन करा, आणि रात्री तिथे अनोळखी गाडी दिसली तर पोलिसांना कळवा.