शिबिरार्थींनी स्वतः घडविलेले नाटक

मे महिना आला की धर्मग्रामांतील युवक-युवतींची निवासी शिबिरे सुरू होतात आणि शेवटच्या रात्री नाटिका सादर होते. तिची संहिता बहुधा कुणा वडीलधाऱ्यानेच लिहिलेली असते. त्यातील व्यसनी मुलगा दहाव्या मिनिटाला बिघडतो व पंधराव्या मिनिटाला सुधारतो. मुले संवाद पाठ करतात, पालक कौतुकाने टाळ्या वाजवतात. ही परंपरा आपल्याला परकी नाही. संत जॉन बॉस्को यांनी १८४९ साली दशमान पद्धतीची नवी वजने-मापे समजावीत म्हणून विनोदी संवाद लिहून ते आपल्या मुलांकडून करवून घेतले होते. मात्र तेथेही लेखणी वडिलांच्याच हाती होती.

समूहनिर्मित नाटकात प्रारंभी संहिताच नसते. पंधरा-वीस जण एक विषय ठरवतात. त्यावर आठवणी सांगतात, लोकांना प्रश्न विचारतात, लहान गटांत उत्स्फूर्त प्रसंग करून पाहतात. एकजण सारे वहीत टिपून ठेवतो. जे जमले नाही ते गाळले जाते, उरलेल्या प्रसंगांचा क्रम लागतो आणि लिखित संहिता सर्वांत शेवटी तयार होते. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोतील स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना याच मार्गाचे नाट्यखेळ रचले व १९६३ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. भाषा नीट न येणारे मूलही खेळात मागे पडत नाही, हा त्यांचा मोठा लाभ.

आपल्याकडचे उदाहरण रत्नाकर मतकरी यांचे. ‘अलबत्या गलबत्या’सारखी बालनाट्ये लिहिणाऱ्या या सिद्धहस्त नाटककाराने उतारवयात, २०१४ च्या सुमारास, समता विचार प्रसारक संस्थेसह ठाण्यातील झोपडवस्त्यांत ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतील मुलामुलींनी आपल्या जगण्यातील विषय घेऊन स्वतः नाटिका रचाव्यात व स्वतःच सादर कराव्यात, ही त्यामागील कल्पना. २०२० साली मतकरी निवर्तले. ज्याला उत्तम लिहिता येते त्याने मुलांसाठी लेखणी बाजूला ठेवावी, हे मला त्यांच्या नाटकांइतकेच मोलाचे वाटते.

असे शिबिर मावळात, कामशेतजवळच्या वडिवळे गावी भरले आहे अशी कल्पना करू. शेजारी वडिवळे धरणाचे पाणी, भोवती भातखाचरे. पिंपरी-चिंचवडहून आलेली मुले साहजिकच ‘पाणी’ हा विषय घेतील. गावात विचारपूस केली की फार दूर नसलेल्या बऊरचे नाव निघेल. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध तेथे ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. पवनेचे पाणी तर ही मुले घरी रोज पितात! येथे आयोजकांची खरी कसोटी लागते. ‘हा विषय नको, झाडे लावण्यावर काहीतरी करा’ असे म्हटले की नाटक तेथेच संपते. उरते ते पाठांतर.

विषय राहू द्यावा, पण मुलांना एकाच बाजूवर थांबू देऊ नये. शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्याने पुढच्या तालमीत चौथ्या मजल्यावर हंडा चढवणारी गृहिणी व्हावे. भूमिकांची अशी अदलाबदल झाली की घोषणाबाजी आपोआप कमी होते.

मोकळीक द्यायची म्हणजे सारेच चालू द्यायचे, असे मात्र नव्हे. उत्स्फूर्त प्रसंगात एखादी मुलगी नकळत आपल्या घरातील मारहाण दाखवून जाते. तो प्रसंग ‘जिवंत’ आहे म्हणून रंगमंचावर नेणे हा तिचा विश्वासघात ठरेल. जबाबदार व्यक्तीने तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे, साहाय्याची व्यवस्था करावी. प्रसंग ठेवायचाच असेल तर तिच्या संमतीने पात्र, नाते व ठिकाण बदलावे, आणि ती भूमिका तिला देऊ नये.

वेळेचाही हिशेब हवा. पाच दिवसांच्या शिबिरात पहिले दोन दिवस केवळ खेळ व ऐकणे यांत जातात आणि तिसऱ्या दिवशी ‘काहीच झाले नाही’ म्हणून मोठ्यांचा धीर सुटू लागतो. तेव्हा कुणी आयती संहिता पुढे करू नये. वीस मिनिटांचे नाटक पुरेसे आहे. प्रयोग गावकऱ्यांसमोर करायचा असेल, तर त्यांतील दोघा-चौघांना आदल्या दिवशी तालमीलाच बोलवावे. भाताच्या रोपांपासून गोळीबारापर्यंत कोठे काय चुकले, ते तेच सांगतील.