माथेरान मुंबईपासून इतकं जवळ, मग शेवटचे अडीच-तीन किलोमीटर एवढे अवघड का?

मुंबईच्या सीएसएमटीहून कर्जत लोकल पकडली की साधारण दोन तासांत नेरळ येतं. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते आणि ती घाट चढून अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्यावर सोडते. इथवर सगळं सोपं आहे. पण दस्तुरी नाक्यावर प्रत्येक खासगी गाडीला थांबावं लागतं. माथेरानची बाजारपेठ तिथून आणखी अडीच-तीन किलोमीटरवर आहे. पर्यटकासाठी हा टप्पा म्हणजे गंमत असते. गावात राहणाऱ्यांसाठी तो रोजचा प्रश्न आहे.

गाड्यांना बंदी का?

१८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले आणि इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. मोटारी न येऊ देण्याची रीत ब्रिटिश काळापासूनची आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा या रीतीला कायद्याचं बळ मिळालं. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी यांना त्यातून सूट आहे. जंगल, लाल मातीचे रस्ते आणि शांतता टिकली ती या बंदीमुळे. लोक माथेरानला येतात तेही त्यासाठीच. म्हणजे बंदी गेली तर गावाचा धंदाच धोक्यात येईल, हे गावकरीही जाणतात.

मग मिनी ट्रेन आहे ना?

आहे, पण तिच्या मर्यादा आहेत. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकारातून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला गेला. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट. नेरळहून माथेरानपर्यंत साडेसातशे मीटरच्या आसपास चढ आहे. रेल्वेला रस्त्यासारखा तीव्र चढ झेपत नाही, म्हणून रूळ वळणं घेत घेत डोंगराला वळसा घालतात आणि मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा होतो. त्यामुळे प्रवासाला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो.

पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा आणि रुळांखालची माती वाहून जाण्याचा धोका असतो, म्हणून नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवला जातो. २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाचं मोठं नुकसान झालं होतं. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा उखडला आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. रोजच्या कामाला येते ती दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून माथेरानला जाणारी शटल. पण तिलाही वेळापत्रक आहे. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं, तर ती कामाची नाही.

बाकीचे पर्याय कोणते?

पायी चालणं, घोडा किंवा हातरिक्षा. किराणा, गॅस सिलिंडर, बांधकामाचं साहित्य हे घोड्यांवरून किंवा हातगाडीवरून वर येतं. वाहतुकीचा हा खर्च प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळतो. हातरिक्षा म्हणजे माणसाने माणसाला ओढणं, तेही चढावर आणि चिखलात. वृद्ध आणि आजारी लोकांना तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ओढणाऱ्यांनाही दुसरा रोजगार नव्हता.

ई-रिक्षाने काय बदललं?

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्या धावू लागल्या. शाळेत जाणाऱ्या मुलांची पायपीट वाचली, ज्येष्ठांची सोय झाली. विरोधही झाला. घोडेवाल्यांना आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती होती. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, अशीही तक्रार होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की, ब्लॉक नसतील तर पावसात माती धुपते आणि रस्ता चालण्यालायकही उरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा ही अमानवी प्रथा असल्याचं सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, सरकारने त्या विकत घेऊन गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर भाड्याने द्याव्यात, असंही सुचवलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं.

आता खरा प्रश्न कोणता?

परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४, तर सुरुवातीला ई-रिक्षांची मर्यादा होती २०. रिक्षा कमी राहिल्या तर अनेक घरांचा रोजगार जातो. बेसुमार वाढल्या तर वाहनमुक्त माथेरान नावापुरतं उरतं आणि घोडेवाल्यांचं उत्पन्न आटतं. म्हणून किती ई-रिक्षा, त्या कोणाला आणि कोणत्या रस्त्यांवर, या तीन गोष्टी ठरवणं महत्त्वाचं आहे. दस्तुरी ते बाजारपेठ या एका रस्त्यापुरतं हे नीट बसलं, तर डोंगर राखून तिथल्या माणसांचं जगणं सोपं करता येतं, हे माथेरान दाखवू शकेल.