बिबट्याला फासा नको, शेळीला पक्का गोठा हवा



ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या बैठकांत बिबट्याचा विषय निघतोच. मादी उसातच पिल्लं घालते. ऊस तुटला की तिचा आसरा जातो अन् ती वस्तीजवळ दिसायला लागते. गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी गेली तरी हप्ता काही थांबत नाही. मग कोणी म्हणतं फासा लावा, कोणी म्हणतं करंट सोडा, कोणी म्हणतं पिंजरा मागा. यातून काय होतं ते नीट समजून घेऊ.

फासा आणि करंट : वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड. शिकारीत फासा लावून पकडणंही आलं. "डुकरासाठी लावला होता" म्हणून सुटका होत नाही. आणि करंटच्या तारेला माणूस ओळखता येत नाही. रात्री पाणी धरायला गेलेला आपलाच घरधनी त्यात सापडू शकतो.

पिंजरा : तो फक्त वनविभाग लावतो, आत शेळी नाहीतर कोंबडी बांधून. पण आपली शेळी नेणाराच त्यात अडकेल असं नाही. शिवाय एक गेला की मोकळ्या जागी दुसरा येतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत गेला! माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा वनविभागाला तातडीने बोलवायचंच.

मग करायचं काय?

- रात्री एकही शेळी, करडू बाहेर बांधू नका.
- गोठा चारी बाजूंनी जाळीने बंद हवा, आणि वरूनसुद्धा. बिबट्या भिंत सहज चढतो.
- दाराला पक्की कडी लावा. दोरीचा भरवसा नको.
- मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नका. त्या वासाने कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

तरीही शेळी गेली तर : ती उचलू नका, पुरू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे. फोटो काढा, पंचनामा होऊ द्या, बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यात जी कमी ती भरपाई मिळते. पंचनामा नसेल तर दावा टिकत नाही.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : कोणाच्या गोठ्याला वरून जाळी नाही? त्या ताईला जाळीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचा ठराव त्याच दिवशी घ्या. शेळी वाचली तर हप्ताही फिटतो.